अंटार्क्टिकाचे छोटे जहाज आणि केबिनची निवड
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

पर्यटन भूगोलाच्या प्रकल्पासाठी यंदा सरांनी वर्गातील प्रत्येकाला एकेक प्रवास नेमून दिला. कोणाला रायगड मिळाला, कोणाला काझीरंगा. माझ्या वाट्याला अंटार्क्टिका आले तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण मुंबईच्या पलीकडे मी अद्याप गेलेली नाही. प्रवासीही सरांनीच ठरवून दिले होते : साठी उलटलेले एक निवृत्त शिक्षक पतिपत्नी, जन्मभराच्या शिलकीतून एकदाच जाणारे. तिकिटापासून परतीपर्यंत सर्व आखणी करायची आणि प्रत्येक निवडीचे कारण लिहायचे, एवढीच अट. विमान, बंदर, कपडे, औषधे ही प्रकरणे आठवड्यात उरकली. पुढचे पंधरा दिवस मात्र एकाच प्रश्नात गेले. जहाजावर या दोघांनी झोपायचे कोठे?

प्रथम या जहाजांविषयी थोडेसे. आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे पोहोचली. पण ती शास्त्रज्ञांची मोहीम. हौशी प्रवाशांची वाट निराळी आहे. त्यांची बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, सुटतात. लार्स-एरिक लिंडब्लॅड या गृहस्थांनी १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन पर्यटकांना तेथे नेले, आणि १९६९ मध्ये खास याच कामासाठी 'लिंडब्लॅड एक्सप्लोरर' हे जेमतेम शंभर प्रवाशांचे तांबडे जहाज बांधून घेतले. आजच्या छोट्या मोहीम-जहाजांची परंपरा तेथून सुरू होते. १९९१ मध्ये या व्यावसायिकांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या नियमाप्रमाणे एका जागी एका वेळी शंभराहून अधिक प्रवाशांना किनाऱ्यावर उतरता येत नाही, आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने तर कोणालाच उतरवायचे नाही. म्हणून पेंग्विनांच्या जवळ ज्याला जायचे आहे त्याने लहान जहाज घ्यावे हे ओघानेच आले. लहान जहाज घेतले की समुद्राशी गाठ पडते, हेही ओघानेच आले.

आता दरपत्रक. जहाजाच्या सर्वांत खालच्या प्रवासी मजल्यावर गोल खिडकीच्या दोघांच्या किंवा तिघांच्या केबिनी असतात. त्या सर्वांत स्वस्त. एक मजला चढले की चौकोनी खिडकी येते. आणखी चढले की सज्जा येतो, आणि अगदी वर बैठकीच्या खोलीसह प्रशस्त दालने असतात. त्यांचा दर खालच्या केबिनीच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतो. आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या मनात दर आणि दर्जा हे जुळे भाऊ असतात. मीही पहिल्या कच्च्या आराखड्यात लिहून टाकले की, "वय लक्षात घेता या दांपत्याने परवडेल तितक्या वरच्या मजल्यावरील केबिन घ्यावी."

तो आराखडा आणि एका जहाजाचा छापील नकाशा मी घरी पसरून बसले होते. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहेत. नकाशावरचे इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फक्त विचारले, "नाळ कोणची?" मी दाखवली. मग त्यांनी जहाजाच्या बरोबर मध्यावर, तळाजवळ बोट ठेवले आणि म्हणाले, "इथं निजायचं. तिथं वर निजलं तर रात्रभर झोके." मी म्हटले, "बाबा, वरची खोली महाग आहे." त्यावर ते हसले आणि जाळे विणायला निघून गेले. ते बरोबर की दरपत्रक बरोबर, हे ताडून पाहण्यासाठी मी पदार्थविज्ञानाचे शाळेतले पुस्तक पुन्हा उघडले.

जहाजाचे हेलकावे मुख्यतः दोन प्रकारचे. नाळ वर-खाली होते तो उभा हेलकावा. आपण सर्वजण तो एस. टी.त अनुभवतो. खड्डा आला की मागच्या बाकावरचा प्रवासी छताला टेकतो आणि मधल्या बाकावरच्याची झोपही मोडत नाही. जहाजही असेच आपल्या मध्याच्या, किंचित मागच्या भागाच्या, आसपास झुलते. समजा जहाज शंभर मीटर लांबीचे आहे आणि नाळ चार अंशांनी उचलली गेली. मध्यापासून चाळीस मीटर पुढे असलेली केबिन तेवढ्याने सुमारे २.८ मीटर वर जाईल आणि मग तितकीच खाली येईल. म्हणजे पलंगासकट एक मजला वर, एक मजला खाली, आणि हे मिनिटात अनेकदा. मध्यापासून पाच मीटरवर झोपलेला माणूस मात्र फक्त पस्तीस सेंटिमीटर हलेल.

दुसरा आडवा हेलकावा, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. येथे माड आठवावा. वाऱ्यात झावळ्या केवढ्या झुलतात आणि बुंध्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याचे काही नसते. जहाज एका बाजूला पंधरा अंश कलले असे धरू. ज्या आसाभोवती ते कलते त्याच्या बारा मीटर वर असलेले दालन तीन मीटरांहून अधिक बाजूला फेकले जाते. दोन मीटरवरची केबिन अर्धा मीटर. उतार दोन्हीकडे सारखाच, पण झोका निराळा. आणि या मार्गावर आडवा हेलकावाच अधिक त्रास देतो. दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिकाचा द्वीपकल्प यांच्यामध्ये ड्रेकची सामुद्रधुनी आहे. केप हॉर्नपासून दक्षिण शेटलंड बेटांपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर. या अक्षांशावर पश्चिमी वाऱ्यांना अडवायला पृथ्वीभोवती कोठेही जमीन नाही, हे आपण प्रथम वर्षालाच शिकलो. जहाज जाते दक्षिणेला आणि लाटा येतात पश्चिमेकडून, म्हणजे थेट कुशीवर. त्यातच बर्फातून जाणाऱ्या जहाजांचा तळ पुष्कळदा गोलसर असतो आणि गोलसर तळ अधिक डोलतो. हल्लीच्या जहाजांना डोलणे कमी करणारे पंख पाण्याखाली असतात. त्यांनी फरक पडतो, पण समुद्र सपाट होत नाही.

(केबिन डावीकडे घ्यावी की उजवीकडे, या प्रश्नावर मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली. जाताना पश्चिम उजव्या हाताला, येताना डाव्या हाताला. हिशेब फिटला. जहाज किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी फिरते, तेव्हा देखाव्याचाही हिशेब फिटतो.)

मध्यावरच्या खालच्या केबिनचा हा लाभ केवळ झोपेपुरता नाही. बोट लागली म्हणजे माणसाचे काय होते ते किनाऱ्यावरच्या मुलामुलींना सांगायला नको. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण हललो, डोळे म्हणतात खोली स्थिर आहे. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट ढवळते. संथ गतीने वर-खाली होण्याने हे सर्वांत लवकर होते. साठी उलटलेल्या माणसाला दोन दिवस अन्नपाणी ठरले नाही आणि तो तशा अवस्थेत न्हाणीघराकडे उठला, तर पुढे पडणे, मुरगळणे, हाड मोडणे. जवळचे मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे. केबिनची निवड ही माझ्या मते येथे चैनीची बाब राहत नाही.

मग लोक वरची केबिन घेतात कशासाठी? खिडकीसाठी. येथेच मला या दरपत्रकाची खरी गंमत कळली. दहा-अकरा दिवसांच्या सफरीत ड्रेकचे दिवस जाऊन-येऊन सुमारे चार. त्या दिवसांत माणूस सर्वाधिक वेळ केबिनमध्ये असतो आणि बाहेर नुसते पाणी असते. उरलेल्या दिवसांत बाहेर हिमनग, देवमासे, पेंग्विन असतात, आणि त्या दिवसांत माणूस केबिनमध्ये नसतोच. रबरी होडीतून सकाळी एकदा, दुपारी एकदा किनाऱ्यावर जायचे, मधल्या वेळी व्याख्यान ऐकायचे, नाहीतर उघड्या डेकवर उभे राहायचे. डेक सर्वांचा. खालच्या तिघांच्या केबिनमधला प्रवासी आणि वरच्या दालनातला प्रवासी कठड्याला टेकून तोच हिमनग पाहतात. ज्याला थंडीत उभे राहता येत नाही, किंवा ज्याचा घरचा माणूस आजारी आहे, त्याने मात्र मोठ्या खिडकीचे पैसे अवश्य द्यावेत. त्याच्यासाठी ती खिडकीच अंटार्क्टिका आहे.

आवाजाविषयी थोडक्यात. नकाशा पाहताना केबिनच्या वर, खाली आणि शेजारी काय आहे ते पाहावे. पुढच्या टोकाला नांगराची साखळी आहे, आणि ती पहाटे सुटते. पिछाडीला तळाशी यंत्रे आहेत. भोजनगृहाच्या खाली खुर्च्या सरकतात. पोलाद आवाज लांबवर नेते. खिडकीला जाड पडदा आहे ना, हेही विचारावे, कारण डिसेंबरात तेथे रात्र जवळजवळ होतच नाही.

एवढे लिहून झाल्यावर बाबांचे म्हणणे सिद्ध झाले असे मी मानले होते. पण खालच्या मजल्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खालची गोल खिडकी पाण्याजवळ असते. वादळात तिच्यावर आतून लोखंडी झाकण लावून घेतात; मग दिवसाही दिव्याशिवाय चालत नाही, आणि ज्याला कोंडल्यासारखे होते त्याचे हाल होतात. नव्या जहाजांत खालच्या मजल्यांवरही मोठ्या चौकोनी काचा आल्या. २९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उशुआयाकडे परतणाऱ्या 'वायकिंग पोलारिस' या जहाजावर प्रचंड लाट आदळली आणि दुसऱ्या डेकवरील काही केबिनींच्या काचा फुटल्या. एका प्रवासी महिलेचा त्यात मृत्यू झाला. अशी घटना विरळा, पण लहान गोल खिडकी जुन्या जहाजबांधणाऱ्यांनी केवळ काचेची काटकसर म्हणून ठेवली नव्हती, एवढे त्यावरून कळते.

आणि ते तांबडे जहाज? 'एक्सप्लोरर' २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. प्रवासी आणि कर्मचारी मिळून १५४ जण होते. मध्यरात्रीनंतर सर्वजण जीवरक्षक होड्यांत उतरले, काही तास थंडीत तरंगत राहिले, आणि 'नॉर्डनॉर्गे' या नॉर्वेच्या जहाजाने सर्वांना वाचवले. एकही जीव गेला नाही. त्यांच्यातला कोण वर झोपला होता आणि कोण खाली, याने त्या रात्री फरक पडला नाही. हाक ऐकून प्रत्येकजण आपल्या ठरलेल्या जागी पोहोचला याने पडला. हे वाचल्यावर मी आराखड्यात एक ओळ वाढवली : केबिनपासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत ते पहिल्याच संध्याकाळी मोजून ठेवावे, कारण दिवे गेल्यावर हाताने मोजावे लागेल.

शेवटी त्या शिक्षक दांपत्यासाठी मी सर्वांत खालच्या मजल्यावरची, बरोबर मध्यावरची, गोल खिडकीची दोघांची केबिन निवडली. वरच्या दालनाच्या तुलनेत जी रक्कम वाचली ती विमा, चांगले बूट आणि उशुआयात एक दिवस आधी पोहोचण्यासाठी मांडली. विमान चुकले तर जहाज थांबत नाही. हिशेब जुळला म्हणून मी खुशीत होते.

तोंडी परीक्षेत सरांनी वही चाळली, लाटांची आकडेमोड दोनदा पाहिली आणि विचारले, "हे सगळे ठीक. भोजनगृह कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या, सर."

"व्याख्याने?"

"पाचव्या."

"उद्वाहन आहे?"

मी पाहिलेल्या त्या जुन्या जहाजाला उद्वाहन नव्हते. सर म्हणाले, "साठीच्या बाईंचे गुडघे तू विचारलेस का?"

मी विचारले नव्हते. दिवसातून आठ-दहा वेळा, हलत्या जिन्यावरून, जाड बूट घालून. माझे सर्व गणित निजलेल्या माणसाचे होते. त्याच संध्याकाळी नकाशा पुन्हा उघडला आणि केबिन दोन मजले वर, भोजनगृहाच्या एकच मजला खाली सरकवली. मजल्याचा दर वाढला, उशुआयातील हॉटेल साधे करावे लागले. बाबांना दाखवले. त्यांनी बोट ठेवून पाहिले. मध्य मी सोडला नव्हता.