घटक ४ : ‘बेगम बर्वे’ – श्रमाची उतरंड आणि असंगत हास्य

मागील घटकात आपण वि. वा. शिरवाडकर यांचे १९७० साली रंगभूमीवर आलेले ‘नटसम्राट’ अभ्यासले. नाशिककरांना शिरवाडकर घरचेच, त्यामुळे गणपतराव बेलवलकरांची पुन्हा ओळख करून देण्याचे कारण नाही. रस्त्यावर आल्यावरही बेलवलकर सम्राटच राहतात आणि बूटपॉलिश करणारा राजा त्यांना आधार देतो. त्यांचे दुःख शोकात्म ठरते, कारण ते उंचावरून कोसळलेले असतात. परंतु जो नट कधी उंचावर पोहोचलाच नाही, त्याच्या दुःखाला रंगभूमीवर कोणते रूप मिळते? हा प्रश्न मनात ठेवून सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकाकडे वळू.

४.१ कथानक

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि पुढील काळात संगीत नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. बड्या नटांच्या वाट्याला निदान सत्कार आणि आठवणी आल्या. नायिकेच्या मागे उभ्या राहणाऱ्या सखी-दासींचे पुढे काय झाले, याची नोंद नाट्येतिहासात सहसा आढळत नाही. बर्वे हा असाच दुय्यम स्त्री-भूमिका करणारा नट. आता तो उदबत्त्या विकतो. एकेकाळी टांगा हाकणारा श्यामराव त्याच्याकडून हे काम करून घेतो आणि त्याला सतत धाकात ठेवतो. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर हे कचेरीतील दोन कारकून आहेत. जावडेकराच्या मनात सहकारी नलावडेबाईंशी लग्न करण्याची आस आहे. ही दोन जगे एकमेकांत मिसळतात आणि बर्वेच नलावडेबाई होतो. लग्न लागते, डोहाळेही लागतात. अखेर श्यामराव येऊन हा डोलारा मोडून टाकतो.

४.२ कोणाच्या खाली कोण

श्यामराव हा कोणी गिरणीमालक नव्हे, हे ध्यानात घ्या. तोही तळातलाच माणूस आहे. मालक-मजूर असा सरळ संघर्ष येथे नाही. तळातल्या माणसालाही हुकूम सोडण्यासाठी आपल्याहून खालचा कोणी तरी हवा असतो, ही या नाटकाची बोचरी जाणीव आहे. बर्वेच्या खाली मात्र कोणीच नाही. आडनावावरून त्याची जात वरची, पण काम दारोदारचे. त्या आडनावामागे ‘बेगम’ जोडले की शीर्षकातच विसंगती उभी राहते.

जावडेकर आणि बावडेकर ही नावे तर एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. एकाच्या खुर्चीवर दुसरा बसला तरी कचेरीचे काही अडणार नाही. अशा माणसाच्या स्वप्नाची झेपही संसारापलीकडे जात नाही. नलावडेबाईंना स्वतःला काय हवे आहे, हे त्या स्वप्नात कोणी विचारीत नाही, ही बाबही नजरेतून सुटू देऊ नका.

४.३ असंगती कोठून येते?

सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्यातील पोझो दोरीने बांधलेल्या लकीकडून ओझी वाहून घेतो. श्यामराव-बर्वे ही जोडी पाहताना त्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र येथेच थांबून ‘हे पाश्चात्त्य प्रभावाचे नाटक’ असे लिहून मोकळे होणे उचित नाही. बेकेटच्या पात्रांना ठरावीक गाव नाही, काळ नाही. आळेकरांच्या पात्रांना आडनावे आहेत, कचेरी आहे, नाट्यपदांचा वारसा आहे.

आल्बेर काम्यू यांनी १९४२ मध्ये ‘सिसिफसची मिथ्यकथा’ लिहिताना डोंगरावर पुनःपुन्हा शिळा ढकलणारा माणूस असंगत जीवनाचे प्रतीक म्हणून निवडला. आपल्याकडील कारकुनाची शिळा म्हणजे फाइल. ती रोज वर पाठवायची आणि उद्या पुन्हा टेबलावर घ्यायची. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करीत आहात. तुम्हाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. विश्वाच्या निरर्थकतेपेक्षा दैनंदिन कामाच्या निरर्थकतेतून ‘बेगम बर्वे’मधील असंगती अधिक उगवते, असे आम्हाला वाटते.

४.४ आपण कोणाला हसतो?

प्रौढ पुरुष गरोदर स्त्रीचे लाड पुरवून घेतो, तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्याच नाटकात गोड नाट्यपदेही येतात आणि तोच प्रेक्षक त्यांवर मान डोलावतो. बालगंधर्वांच्या स्मृतीने हळवा होणारा प्रेक्षक उदबत्ती विकणाऱ्या बर्वेला दारात उभे करील का, हा प्रश्न आळेकर उघडपणे विचारीत नाहीत. पद संपल्यावरच्या शांततेत तो आपोआप ऐकू येतो. बर्वेच्या हावभावांचे केवळ बायकी विडंबन करणारा प्रयोग येथेच फसतो. बर्वे नायिकेची भूमिका पूर्ण निष्ठेने, आयुष्यात प्रथमच वठवीत आहे. त्याची ही निष्ठा दिसली, तरच श्यामरावाच्या येण्याने हसू घशात अडकते.

स्वाध्याय : नाटकाची संहिता एकदा मोठ्याने वाचा. तुमचे हसू प्रथम जेथे थांबले त्या संवादावर खूण करा आणि ते का थांबले, ते १०० शब्दांत लिहा. त्यानंतर ‘नटसम्राट’मधील राजा आणि ‘बेगम बर्वे’मधील बर्वे यांच्या कामाकडे दोन्ही नाटककार कसे पाहतात, याची तुलना २५० शब्दांत करा. संपर्कसत्रात या उत्तरांवर चर्चा होईल.