सेकंदाला सोळा ठोके



तुमच्यापैकी काहींनी मोबाईलवर ‘डेथ मेटल’ नावाचे संगीत ऐकले असेल आणि त्यापाठोपाठ “बंद कर तो गोंगाट!” हेही ऐकले असेल. ड्रमचा अखंड गडगडाट, करवतीसारखी गिटार आणि गायकाचा गुरगुरणारा आवाज असे त्याचे रूप असते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लॉरिडा राज्यात, हे संगीत आकाराला आले. तेथील ‘डेथ’ या वाद्यवृंदाची ‘ह्यूमन’ (१९९१) ही ध्वनिमुद्रिका त्यातील कसबी, गुंतागुंतीच्या वादनाचा एक आरंभीचा नमुना मानली जाते. आपल्याकडेही हे संगीत रुजले आहे. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या वाद्यवृंदाने २०१७ साली ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गीत आहे.

वडीलधाऱ्यांना जो गोंगाट वाटतो, त्यात ऐकणाऱ्याला गोडी कशी वाटते? आवडनिवड हा काही पदार्थविज्ञानाचा विषय नव्हे. पण हे संगीत कानाच्या कोणत्या मर्यादेपाशी जाऊन पोहोचते, हे मोजता येते. ते आपण मोजून पाहू.

प्रथम एक प्रयोग करा. सायकल उलटी करून सीट आणि हॅन्डल यांवर उभी करा. मागच्या चाकाच्या आऱ्यांना लागेल असा पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरा आणि मित्राला पायडल सावकाश फिरवायला सांगा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला बहुधा ४० आरे असतात. आपल्या सायकलीचे तुम्ही मोजून घ्या. चाकाचा एक फेरा चार सेकंदांत झाला, तर सेकंदाला १० वेळा ‘टक’ असा आवाज होईल. हे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, पण तोंडाने मोजू गेलात तर जीभ मागे पडते. फेरा दोन सेकंदांत झाला की सेकंदाला २० ठोके होतात. ते एकमेकांत मिसळू लागतात आणि ‘घर्रर्र’ असा आवाज येतो. सेकंदाला एक फेरा, म्हणजे ४० ठोके झाले की त्या घरघरीतून खर्जातला सूर डोकावू लागतो. वेग आणखी वाढवा, सूर चढत जातो.

यावरून काय दिसले? ठोके सावकाश पडले तर कानाला ताल जाणवतो आणि फार जलद पडले तर सूर जाणवतो. या दोहोंची सीमा सेकंदाला सुमारे २० ठोक्यांच्या आसपास आहे.

आता डेथ मेटलचा हिशेब करू. समजा, लय मिनिटाला २४० मात्रांची आहे, म्हणजे सेकंदाला ४ मात्रा. दर मात्रेला ४ ठोके धरले तर सेकंदाला १६ ठोके झाले. वादक हे ठोके दोन्ही पायांनी आलटून पालटून देतो. एकेका पायाच्या वाट्याला सेकंदाला ८ येतात. सोळा हा आकडा आपल्या सीमेच्या जरासा अलीकडे आहे. ठोके वेगळे राहतात, पण जेमतेम!

ते वेगळे राहावेत म्हणून काळजी घ्यावी लागते. आपल्या भद्रावतीच्या विजासन लेण्यात टाळी वाजवून पाहा. दगडी भिंतींमुळे आवाज घुमत राहतो. एक ठोका विरण्याआधी पुढचे ठोके येऊन पडले तर सगळ्यांचा काला होणार. म्हणून मोठ्या ड्रमच्या आत उशी किंवा घोंगडी ठेवून त्याचा आवाज लवकर मारतात, आणि गिटारच्या तारेवर तळहाताची कड टेकवून तिचे कंपन आखूड करतात.

गिटारची अडचण याहून सूक्ष्म आहे. नाडी मोजण्याचे उदाहरण घ्या. पूर्ण मिनिटभर नाडी मोजताना एका ठोक्याची चूक झाली, तर उत्तरात चूक एकाचीच. पण पाचच सेकंद मोजून १२ ने गुणले, तर तीच चूक १२ ठोक्यांची होते. वेळ जितका थोडा, तितकी वारंवारता धूसर. ढोबळ नियम असा: स्वर १/१६ सेकंद टिकला, तर त्याच्या वारंवारतेत सुमारे १६ हर्ट्झची संदिग्धता राहते.

या संगीतात गिटारची जाड तार बरेचदा सुमारे ६२ हर्ट्झपर्यंत उतरवलेली असते. १/१६ सेकंदात तिची जेमतेम चार कंपने होतात. ६२ मध्ये १६ ची संदिग्धता म्हणजे २६ टक्के. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत, काळ्या-पांढऱ्या मिळून, सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे चार पट्ट्यांएवढा घोळ! मग प्रत्येक ठोक्याला बदलणारा स्वर ओळखायचा कसा?

येथे ती ‘करवत’ उपयोगी पडते. गिटारचा विद्युत्-संकेत इतका वाढवतात की तरंगाचे माथे आणि तळ कातरलेल्या मेंदीच्या कुंपणासारखे सपाट होतात. अशा कातरलेल्या तरंगात मूळ वारंवारतेच्या पटीतील अनेक वारंवारता जोरकसपणे उमटतात. त्यांना संनादी म्हणतात. दहावा संनादी सुमारे ६२० हर्ट्झचा असतो. त्याची तेवढ्याच वेळात जवळजवळ ३९ कंपने होतात. ६२० मध्ये १६ ची संदिग्धता म्हणजे केवळ २.६ टक्के, एका पट्टीच्या अंतराहून कमी. कानाला खरखर वाटणारी गोष्टच वेगवान स्वर ओळखायला मदत करते.

उरलेले काम मनाचे. लहान मूल एकेक अक्षर लावत वाचते. पुढे शब्द एकदम दिसू लागतात. तबल्यावरचा द्रुत रेला ऐकणारा जाणकार एकेक आघात मोजत नाही, बोलांचे गट ओळखतो. तसेच येथे आहे. पहिल्या वेळी नुसता गडगडाट ऐकू येतो. चौथ्या-पाचव्या वेळी त्यात चारांचे गट दिसतात, मध्येच पाचाचा किंवा सातांचा गट आला की तोही कळतो. गोंगाटातून हळूहळू रचना उमगत जाते, आणि माझ्या मते या संगीताच्या गोडीचा मोठा भाग त्या उमगण्यातच आहे. म्हणून न ऐकता त्याला गोंगाट म्हणू नये, आणि रेला न ऐकता त्याला कंटाळवाणाही म्हणू नये.

मात्र एक धोका ध्यानात ठेवा. ध्वनीची तीव्रता दर ३ डेसिबलला दुप्पट होते. कामगारांच्या कानांसाठी वापरला जाणारा एक नियम सांगतो की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल, ८८ चा ४ तास, आणि असे निम्मे करत गेल्यास १०० डेसिबलचा केवळ १५ मिनिटे. काही इयरफोन पूर्ण आवाजात तेवढे जोरात वाजतात. आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. या संगीताची रचना काळाच्या बारीक विभागणीत आहे. आवाज निम्मा केला तरी ती जागची हलत नाही. कान गेले तर मात्र ती कायमची हरवते.

सोडवून पाहा:
१. लय मिनिटाला १८० मात्रांची आणि दर मात्रेला ४ ठोके असतील, तर सेकंदाला किती ठोके?
२. त्या एका ठोक्याच्या अवधीत ६२ हर्ट्झच्या तारेची किती कंपने होतील?
३. वरील नियमाने १०३ डेसिबलचा आवाज किती वेळ ऐकता येईल?

(उत्तरे: १. बारा, २. सुमारे पाच, ३. साडेसात मिनिटे.)