विश्रांतीचा दिवस कोणी मिळविला?

रविवारी सकाळी घंटा वाजली म्हणजे आपण हातचे काम ठेवून उपासनेस जमतो. हा दिवस आपणांस आयताच मिळाला आहे, तेव्हा तो कोठून आला असे कोणी विचारीत नाही. साहेब लोकांनी तो आपल्याबरोबर आणिला, अशी कित्येकांची समजूत आहे. सरकारी कचेऱ्यांपुरती ती खरी आहे. परंतु गिरणीतील मजुरास हा दिवस सहा वर्षे झगडून मिळवावा लागला, आणि त्या झगड्याचा पुढारी ख्रिस्ती नव्हता. ह्या धड्यात आपण त्याचा वृत्तान्त पाहू.

शेतावर राबणारा मनुष्य दमला तर झाडाखाली बसतो, कारण त्याचा बैलही दमतो. यंत्र दमत नाही. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईत कापडाच्या धंद्यातील पहिली गिरणी स्थापिली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि यंत्र चालेल तोवर मनुष्यानेही चालावे असा रिवाज पडला. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम असे, आणि त्यात बायका व लहान मुलेही असत.

सरकारने पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ साली केला. ७ वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलाकडून दिवसास ९ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात होते. प्रौढांच्या तासांविषयी मात्र त्यात काहीच नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे हे पुढे आले. ते जोतीराव फुले ह्यांचे सत्यशोधक सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची सभा भरविली व सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या साध्या होत्या: आठवड्यास एक दिवस सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगार जमले, व दोन स्त्रियांनीही उभे राहून भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी नियमात आली. लोखंडे ह्यांचा १८९७ साली प्लेगाने अंत झाला. त्या साथीत ते रोग्यांची सेवा करीत होते.

आपल्या बहुतेक शेजाऱ्यांस रविवार हा खंडोबाचा वार आहे. आपणांस तो प्रभूचा दिवस आहे. मजुरास मात्र तो मनुष्य म्हणून मिळाला. अनुवाद ५:१२–१५ हा भाग काढून पाहा. तेथे विसावा घरधन्यापुरता सांगितलेला नाही. दास, दासी, बैल व परका ह्यांचाही त्यात वाटा आहे. ज्या लोकांनी मिसरात स्वतः गुलामी भोगिली, त्यांस ही आज्ञा झाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादेत, १८८९ साली सूतकताई व विणकामाची गिरणी निघाली. तीत सुमारे ७०० माणसे कामास होती. परंतु हा मुलूख निजामाच्या राज्यातला असल्यामुळे इंग्रजी हद्दीतील १८९१ चा कायदा येथे आपोआप लागू झाला नाही. मुंबईच्या मजुराची सुटी हद्दीपाशीच थांबली.

कायद्याची हद्द केवळ नकाशावर नसते. ती आकड्यांतही असते. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरते पाहू. १८८१ चा कायदा जेथे १०० माणसे असतील तेथेच लागू होई. १८९१ साली तो आकडा ५० झाला, १९२२ साली २० आणि १९४८ साली १०. त्या १९४८ च्या कायद्यात आठवड्याच्या कामाची मर्यादाही ४८ तासांची होती. २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा पुन्हा २० केला. आकडा वर गेला की काही मजूर नियमाबाहेर राहतात, हे ध्यानात घ्यावे.

आज वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथे मोठे कारखाने आहेत. तेथे एकाच यंत्रावर एक कायम कामगार व दुसरा ठेकेदाराचा मनुष्य असे शेजारी उभे असतात. काम एक, पण पदरात पडणारे निराळे. आपल्या खेड्यांतील नवराबायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. त्यांचा कोयता एक दिवस थांबला तर खाडा धरून पैसे कापतात; म्हणजे विसाव्याचाच दंड भरावा लागतो. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली ठार झाले, हे आपण विसरलो नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारे ते लोक टाळेबंदीत पायी आपल्या गावी निघाले होते.

तात्पर्य हे की, विसावा कोणी दयेने देत नाही. तो मजुरांनी एकत्र येऊन मागितला, तेव्हा नियमात आला. आणि नियम ज्यांस मोजतो त्यांच्याच घरी पोहोचतो. म्हणून ज्यांची मोजणी झाली नाही त्यांची मोजणी करणे, आणि जेथे आपणच धनी आहो तेथे कायद्याची वाट न पाहणे, ही दोन कामे आपल्याकडे येतात.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न
१. १८८४ च्या अर्जातील कोणत्या मागण्या आपल्या गावच्या मजुरास अद्याप मिळाल्या नाहीत?
२. आपल्या मंडळीतील किती कुटुंबे ऊसतोडीस वा ठेक्याच्या कामास जातात? त्यांच्या उचलीचा लेखी हिशेब कोणाजवळ आहे काय?
३. आपण उपासनेस बसलो असता आपल्या शेतावर, गोठ्यात वा स्वयंपाकघरात कोण राबत असते?