'नाइस'च्या नादी लागू नकोस

मलकापूर, ता. कराड

चि. केदार,

आपल्या गावावरचा तुझा इंग्रजी निबंध वाचला. आगाशिवचा डोंगर नाइस, प्रीतिसंगम नाइस, नळाला चोवीस तास येणारं पाणीही नाइस! व्याकरणाची चूक एकही नाही. गाव मात्र कुठे दिसलं नाही.

'नाइस' हा शब्द मुळात शिवीच्या जातीचा. लॅटिनमधल्या 'अडाणी' या अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. मग तो चोखंदळ झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात कुठे छान ठरला. जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. कायद्याच्या पुस्तकात 'नाइस डिस्टिंक्शन' भेटलं तर तो सूक्ष्म भेद समज. 'नाइस अँड हॉट' चहा म्हणजे मस्त गरम; तिथे तो गरमपणालाच जोर देतो. आणि हातून कपबशी फुटल्यावर कुणी 'नाइस वर्क' म्हणालं, तर आभार मानू नकोस.

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त नायिका एका कादंबरीला 'नाइस' म्हणते, तर नायक जुना अर्थ धरून तिला पुस्तकाच्या बांधणीवर नेऊन सोडतो. दोनशे वर्षं झाली, लोक सुधारले नाहीत.

बोलताना खुशाल वापर. कुणाच्या घरी जेवलास तर 'नाइस' पुरे, बाकीचं चेहरा सांगतो. लिहिताना मात्र आधी वस्तूकडे बघ. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि तिथून पूर्वेला वळतात. एवढं लिहिलंस की विशेषण लागतच नाही. आगाशिवची लेणी बौद्ध भिक्षूंची, फारशी नक्षी नसलेली. त्यांना 'ब्यूटिफुल' कशाला, 'प्लेन' म्हण. नळाच्या पाण्याला 'मीटर्ड' म्हण. रूक्ष वाटेल, पण आपलं पाणी मोजून येतं हे परगावच्या वाचकाला त्या एका विशेषणातून कळेल.

सुट्टीत एक काम कर. आपल्या तालुक्यातल्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. त्यांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते 'विकारविलसित' (१८८३), आणि मराठी वाक्याची चिरफाड केली ती 'वाक्यमीमांसा'त. 'विकारविलसित' मूळ नाटकाशेजारी ठेवून एक प्रवेश वाच. विशेषणं कुठे ठेवली, कुठे गाळली, यावर खुणा कर. निबंध त्यानंतरच पुन्हा लिही, आणि मला पाठव.

तुझी,
मावशी