गुडघ्याला तेल चालेल, बिब्बा नको

निंदणात दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बायका, संत्र्याचे क्रेट उचलणारे गडी... सौंसर-पांढुर्ण्याकडे पन्नाशी गाठली की गुडघे कुरकुरतात. मग विचारणा होते, "डॉक्टर, कोणतं तेल लावू?"

तिळाचं, निरगुडीचं, महानारायण, जे परवडेल ते लावा. झिजलेली कूर्चा कुठल्याच तेलानं भरून येत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो. पण कोमट तेलानं दहा मिनिटं मांडीचे स्नायू चोळले की आखडलेपण सुटतं, काही तास बरं वाटतं. वाटीवर जोर देऊ नका. तळव्याला लागलेलं तेल पुसूनच न्हाणीत जा.

वनस्पतींच्या लेपांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेनं 2013मध्ये आढावा घेतला. त्यात अर्निका आणि कॉम्फ्रीच्या जेलनं दुखणं कमी होत असावं असं दिसलं. मिरचीच्या अर्काचा खास उपयोग दिसला नाही, आग मात्र झाली. पहिल्या दोन्ही युरोपातल्या वनस्पती. त्यांचा निकाल आपल्या तेलांना लावता येत नाही. डायक्लोफेनॅक जेलचा पुरावा अधिक भक्कम आहे.

मला खरी धास्ती आहे ती बिब्ब्याची. बिब्बा उततो हे घरातल्या म्हातारीला पक्कं ठाऊक असतं, तरी "जरासाच लावला" म्हणत तो गुडघ्यावर लागतोच. त्याच्या चिकानं कातडी काळी पडते, एक-दोन दिवसांनी फोड येतात. मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्महिने चिघळू शकते. वैद्य बिब्बा शुद्ध करून वापरतात, ती गोष्ट वेगळी. लागलाच तर साबण-पाण्यानं लगेच धुवा, फोड फोडू नका, दवाखान्यात या.

गंधपुऱ्याचं तेलही मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते चमचाभर पोटात जाणं म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्या गिळणं. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ते न विचारता लावू नका, आणि लावल्यावर शेक तर मुळीच घेऊ नका.

मालिश झाली की खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, असं दहादा. वजन एक किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हटतो. निंदणाला छोटा पाट घ्या.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पोटरी अचानक सुजली किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर तेलाला हात लावू नका. त्याच दिवशी छिंदवाडा किंवा नागपूर गाठा.