कागद बोलतो तिथे थांबावं

माझं मूळ काम मोडी वाचनाचं. दप्तरातले रुमाल सोडायचे, कागद सरळ करायचे, लिप्यंतर करायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग एका ऐतिहासिक मालिकेच्या लेखकाचा फोन आला आणि पुढची अकरा वर्षं मी मालिकांच्या संहिता तपासल्या. श्रेयनामावलीत माझं पद ‘इतिहास सल्लागार’ असायचं. उद्या चित्रित होणारे प्रसंग आज रात्री हातात यायचे आणि कुठे लाल रेघ मारली ते कॉलटाइमच्या आत कळवावं लागायचं. या कामात राजा-राण्यांविषयी शिकले, त्याहून जास्त गोष्ट सांगणाऱ्यांच्या जबाबदारीविषयी शिकले. त्यातलं जे मला मोलाचं वाटतं, ते इथे मांडते आहे.

१. लोक ‘ऐकलं’ म्हणत नाहीत, ‘पाहिलं’ म्हणतात

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी व्याख्यानाला गेले होते. सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, सोयराबाई वाईटच होत्या. त्यांनी बाळ संभाजीच्या दुधात विष घातलं. मी पाहिलंय.”

तो प्रसंग आमच्याच मालिकेतला होता आणि मीच तो जाऊ दिला होता. भागाच्या शेवटी संभाजींच्या सावत्र आई सोयराबाई दुधाच्या पेल्यात पूड मिसळतात, संगीत चढतं, चित्र गोठतं. दुसऱ्या दिवशी कळतं की ते वैद्यांनी दिलेलं औषध होतं. उद्या उलगडा होणारच आहे, मग आज हरकत कशाला घ्यायची, असा मी विचार केला होता. त्या मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी वीज नव्हती.

भाग जिथे थांबतो, तिथेच कुणाचा तरी इतिहास थांबतो, हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हापासून एखाद्याच्या चारित्र्यावर संशय टांगून संपणारा एकही भाग मी मान्य केला नाही.

२. बखर वाचण्याआधी बखरकार वाचावा

संभाजी महाराज व्यसनी, उतावळे, क्रूर होते, हे चित्र महाराष्ट्राच्या मनात दीडशे वर्षं घट्ट होतं. त्याचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ची, म्हणजे मधे शतकाहून अधिक काळ गेला होता. शिवाय मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले, आणि बाळाजी आवजींना १६८१मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलेलं दुःख त्या लेखणीत उतरलं असेल, तर ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. पण त्याच बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ स्वराज्याशी एकनिष्ठ राहिला, हेही त्याच घराण्याचं सत्य आहे.

बखरीतलं हे चित्र पुढे रंगभूमीने उचललं. एखाद्या नटाने गाजवलेली भूमिका लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ते चित्र पुसायला वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चार दशकं अस्सल साधनं गोळा केली आणि १९६०मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र सिद्ध केलं. पुढे कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. हा बदललेला राजा घराघरांत पोहोचला तो मात्र २०१७ ते २०२० या काळातल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेमुळे. संशोधकाने आयुष्य वेचून जे शोधलं, ते लाखो लोकांपर्यंत मालिका नेऊ शकते. म्हणूनच तिच्याकडे मनोरंजन एवढंच म्हणून पाहणं मला जमत नाही.

३. कागद गप्प असतील तिथे कल्पनेला पूर्ण मोकळीक द्यावी

आई सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी गेल्या, तेव्हा संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. त्या लेकराला जिजाऊंनी काय सांगून झोपवलं असेल, याचा कागद कुठेच असणार नाही. म्हणून तो प्रसंग लिहूच नये का? लिहावा, आणि सगळी ताकद लावून लिहावा. नातवाला थोपटणारा आजीचा हात कुठल्याही पुराव्याशिवाय खरा असतो.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर आली तेव्हा आमच्या वाड्यातल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, एवढं इतिहास सांगतो. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं कादंबरीकाराने रचलं. माधवराव पेशवे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले, हे पाठ्यपुस्तकात वाचूनही आत पोहोचलं नव्हतं. त्या रचलेल्या संवादांनी ते पोहोचवलं.

४. अस्सल तपशिलाइतकं नाट्य कशातच नसतं

शिवाजी महाराजांचं रयतेवरचं प्रेम दाखवायला एका तरुण लेखकाने दोन पानांचं भाषण लिहिलं होतं. शब्द जोरकस होते, पण ते कुठल्याही राजाच्या तोंडी शोभले असते. मी त्याला चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्र वाचायला दिलं.

त्या पत्रात राजा दाणा-वैरणीचा हिशेब करतो. आत्ताच सगळं उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कुणाचं धान्य, कुणाची भाकर, कुणाची भाजी आणाल. लोक गाव सोडून जातील आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. आणि रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात पळवेल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि पागा जळून जाईल.

आम्ही भाषण काढलं. महाराज सांगताहेत, कारकून बोरूने लिहितोय, दूर पागेत एक दिवा मिणमिणतोय आणि गंजीजवळ उंदीर फिरतोय, असं चित्रीकरण केलं. शॉट संपल्यावर सेटवरच्या घोड्यांना वैरण घालणारे काका पुढे आले. म्हणाले, “हे ज्यानं लिहिलं ना मॅडम, त्यानं पागेत रात्र काढलेली हाय.” इतकी खरी दाद मला परत मिळाली नाही.

५. दंतकथा शाहिराच्या तोंडी द्यावी

तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कोंढाण्याचा कडा चढले आणि गड घेताना पडले. ‘यशवंती’ घोरपडीच्या दोराची कथा पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली. सिंह गेला म्हणून त्या रात्रीनंतर गडाचं नाव सिंहगड झालं, अशीही समजूत आहे. पण महाराजांच्या १६६३च्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव येतं.

मग काय करायचं? घोरपड गाळली तर गावोगावचे लोक दुखावतात, दाखवली तर इतिहास दुखावतो. आम्ही वाट काढली. कडा चढताना मावळ्यांची बोटं, रक्ताळलेले गुडघे, खाचेत अडकलेला दोर एवढंच दाखवलं. नंतर गावच्या जत्रेत डफावर थाप मारून शाहीर ती रात्र गातो, तिथे घोरपड आली. लोकांनी आपल्या वीराला किती मोठं केलं हे दाखवणं, हाही इतिहासच आहे.

६. मेलेल्या माणसाला वकील नसतो

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून काका राघोबादादांना दोषी ठरवलं. पण मराठी माणसाच्या ओठांवर नाव राहिलं ते राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंचं. ‘धरावे’चं ‘मारावे’ त्यांनी केलं म्हणे, आणि ‘ध चा मा’ हा वाक्प्रचारच झाला. खाडाखोड केलेला तो कागद माझ्या पाहण्यात कधी आला नाही. एका बाईने अडीचशे वर्षं हा आरोप वाहिला आहे. तिच्या हातात लेखणी देऊन ते अक्षर बदलताना जवळून दाखवायचं, असं एका मालिकेत ठरलं तेव्हा मी नाही म्हटलं. काम गेलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

वंशजांच्या भावनांना आपण पटकन ‘वाद’ म्हणतो. संभाजी महाराजांच्या पकडले जाण्याच्या संदर्भातल्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपटावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. वंशज म्हणतील तेच खरं धरावं, असं मी म्हणणार नाही. पण फितुरीसारखा डाग कुणाच्या नावावर लावायचा तर एका साधनावर भागत नाही. किमान दोन स्वतंत्र, समकालीन आधार हवेत, हा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला.

७. गुलमोहोर दिसतो, खोटा हेतू दिसत नाही

सुरुवातीची दोन वर्षं मी वस्तूंच्याच मागे होते. शिवकाळातल्या दृश्यात मागे गुलमोहोर फुललेला दिसला की चित्रीकरण थांबवायचे, कारण ते मादागास्करचं झाड आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आलं. उपासाच्या ताटातून साबुदाणा आणि बटाटा काढायला लावायचे. पत्र देवनागरीत दिसलं की मोडीत लिहून द्यायचे.

हे सगळं करायलाच हवं. पण अशी चूक एखादा जाणकार प्रेक्षक पकडतो आणि पुढे ती सुधारतेही. राजाने एखादी मोहीम सूडापोटी काढली असं दाखवलं, आणि प्रत्यक्षात ती गडांच्या आणि बंदरांच्या गणितातून निघाली होती, तर ती चूक कुणाच्याच नजरेला येत नाही. माझ्या लाल रेघा मग झाडांकडून माणसांच्या हेतूंकडे वळल्या.

८. भाषेतला बदल हीसुद्धा घटनाच असते

सतराव्या शतकातली दरबारी मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती. ती तशीच ठेवली तर आजच्या प्रेक्षकाला अर्धी कळणार नाही, आणि सगळी संस्कृतप्रचुर केली तर काळच हरवतो. आम्ही शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा आधार घेतला. ६ जून १६७४च्या आधीच्या भागांत पेशवा, मुजुमदार, सुरनीस, डबीर, सरनौबत. नंतरच्या भागांत पंतप्रधान, अमात्य, सचिव, सुमंत, सेनापती. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागचा विचार एकही भाषण न लिहिता प्रेक्षकांच्या कानावर पडला.

९. शत्रूला लहान करू नये

शिवाजी महाराजांच्या आग्र्यातल्या दिवसांची अतिशय जिवंत हकिकत राजस्थानी पत्रांत मिळते. ती लिहिणारा परकालदास हा मोगल सरदार रामसिंहांच्या पदरचा माणूस, म्हणजे मोगलांच्या बाजूचा. १२ मे १६६६च्या दरबारात महाराजांनी दाखवलेला बाणेदारपणा त्या बाजूच्या लेखणीने टिपून ठेवला आहे. पडद्यावर मात्र औरंगजेब नुसता ओरडतो, त्याचे सरदार नुसते हसतात. चतुर, चिवट, अफाट साधनांचा बादशहा समोर उभा केला, तरच १७ ऑगस्टला त्याच्या हातावर तुरी देऊन निसटण्याचं मोल कळतं.

१०. पाटी लावल्याने सुटका होत नाही

‘ही मालिका ऐतिहासिक घटनांवर आधारित असून नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे’ अशा अर्थाची पाटी सुरुवातीला झरकन येते आणि जाते. ब्रिटिश राजघराण्यावरच्या ‘द क्राउन’ मालिकेबाबत अशी सूचना असावी की नसावी, यावर तिकडे मोठा वाद झाला. २०२२मध्ये पाचव्या पर्वाच्या झलकेसोबत ती आलीही. मला त्याहून पुढची अपेक्षा आहे. भाग संपताना वीस सेकंदं द्यावीत आणि सांगावं: आजच्या भागातला हा प्रसंग अमुक पत्रावरून घेतला, हा आम्ही रचला. प्रेक्षक यामुळे चॅनेल बदलत नाही. त्याला आपल्यावर विश्वास टाकला गेल्याचं समाधानच मिळतं.

पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत पुन्हा गेले, मुद्दाम. ती मुलगी आता सातवीत होती. मी फळ्यावर लिहिलं: जून १६८०, संभाजी महाराज रायगडावर आले. खाली लिहिलं: ऑक्टोबर १६८१, सोयराबाईंचं निधन. मग सांगितलं, “गडावर येताच महाराजांनी त्यांना भिंतीत चिणलं, अशी जुनी कथा आहे. तारखा बघा आणि सांगा.”

तिने बोटांवर महिने मोजले. सोळा झाले. थोडा वेळ ती फळ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “मग ज्यांनी लिहिलं त्यांनी असं का लिहिलं, बाई?”

तास संपायला दहा मिनिटं होती. मी खडू खाली ठेवला आणि बाळाजी आवजींची गोष्ट सुरू केली. रात्री आठ वाजता घराघरांत लागणाऱ्या मालिकेनं लोकांना याच प्रश्नापाशी आणून सोडावं, एवढ्यासाठीच मी अकरा वर्षं संहिता तपासल्या.