दोन प्रकाशकणांचा माग

आपल्या पनवेलहून हार्बर मार्गाने मुंबईस गेल्यावर कुलाब्याच्या टोकाशी टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. चार्म मेसॉनच्या क्षयात नवे भौतिकशास्त्र धुंडाळणाऱ्यांत तिचे अभ्यासक आहेत. आमच्या विद्यार्थ्यांस हे ठाऊक असावे, म्हणून हे टिपण.

डी-शून्य मेसॉन एक चार्म क्वार्क व एक अप प्रतिक्वार्क यांचा बनलेला असतो. वस्तुमान प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट. आयुष्य मात्र सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. त्याचे रूपांतर केवळ दोन प्रकाशकणांत होणे प्रस्थापित सिद्धान्तानुसार अतिदुर्मीळ: दहा कोटी क्षयांत एक ते तीन वेळा. सुपरसिमेट्रीच्या काही प्रारूपांत मात्र हे प्रमाण कोटीमागे साठपर्यंत जाते. तेव्हा असे क्षय अधिक दिसले, तर त्यामागे अज्ञात कणांचा हात मानणे भाग पडेल.

जपानमधील त्सुकुबा येथील बेल प्रयोगाच्या नोंदींत टाटा संस्थेच्या अभ्यासकांनी या क्षयाचा माग काढला. अडचण मोठी होती. डी-शून्यापासून कधी दोन उदासीन पायॉन निघतात, प्रत्येकाचे दोन प्रकाशकण होतात, आणि त्यांतील एकेक निसटला की उरलेले दोन हव्या त्या क्षयाचे हुबेहूब सोंग घेतात! म्हणून प्रत्येक प्रकाशकणाची इतरांशी जोडी लावून त्यातून पायॉन सिद्ध होतो का, हे तपासावे लागले.

2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खूण आढळली नाही. प्रमाण कोटीमागे साडेआठांहून कमी असल्याचे 90 टक्के विश्वासपातळीवर ठरले. यास आम्ही अपयश म्हणत नाही, कारण साठाची अपेक्षा त्याने मोडीत काढली. साडेआठाच्या खालचा प्रदेश अद्याप मोकळा आहे. तेथे बेल-दोन प्रयोग शोध घेत असून, त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा संस्थेच्याच चमूने जुळविला आहे.